बाण आणि बाटली

शालेय विज्ञान प्रदर्शनातले काही प्रकल्प वर्षानुवर्षं ठरलेले आहेत. व्हिनेगर-सोड्याचा ज्वालामुखी, छपरावरच्या पावसाच्या पाण्याची साठवण, थर्माकोलची पवनचक्की. पाण्याच्या रॉकेटचं तेवढं वेगळं. ते टेबलावर दाखवता येत नाही, परीक्षकांना उठवून मैदानात न्यावं लागतं. केळव्यासारख्या गावात तर मैदानही शोधायला नको. ओहोटीला सुरूच्या बनापुढे वाळूचा लांबच लांब पट्टा उघडा पडतो. वर ना विजेच्या तारा, ना कुणाची गच्ची.

या किनाऱ्याला दारूच्या धुराची सवय जुनी आहे. सुरूच्या बनातला भुईकोट आणि पाण्यातला पाणकोट त्याची आठवण देत उभे आहेत. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी पोर्तुगिजांच्या हातून एकामागून एक सुटली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मे महिन्यात वसईही पडली. तिथे तट फोडला तो सुरुंगांनी. दगडी तटापुढे बाणाचं काही चालत नाही, त्याची खरी जागा मोकळं रण.

हा बाण म्हणजे रामायणातला नव्हे. नळीत शोरा, गंधक आणि कोळसा ठासायचा, नळीला लांब काठी बांधायची, वातीला बत्ती द्यायची आणि बाजूला व्हायचं. जळालेल्या दारूचा वायू मागे सुटतो आणि नळी पुढे धावते. नेम धरण्याचं हे शस्त्र नव्हतंच. घोडी बुजवायची, हत्ती उधळवायचे, दाटीवाटीनं उभ्या असलेल्या फौजेत गोंधळ माजवायचा, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित असे. पानिपतावर १७६१ मध्ये नजीबखानाच्या रोहिल्यांनी बाणांचा मारा करत पाऊल पुढे टाकलं. ११ मार्च १७९५ ला जामखेडजवळच्या खर्ड्यावर निजामाचं घोडदळ पुढे आलं, तेव्हा नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या लोकांनी त्याचं स्वागत बाणांच्या सरींनी केलं आणि त्याच वेळी शिंद्यांच्या फौजेतल्या फ्रेंच सेनानी पेराँच्या तोफा सुरू झाल्या. निजामाच्या फौजेची त्या दिवशी दाणादाण उडाली.

नळी लोखंडाची करण्याचं श्रेय मात्र म्हैसूरकरांना द्यावं लागतं. कागदाच्या किंवा बांबूच्या नळीत दारू फार दाबून भरली तर नळीच फुटते. लोखंडी नळी जास्त दाब सोसते, म्हणून बाण लांब जातो. हैदर आणि टिपूच्या या बाणांनी इंग्रजांना १७८० मध्ये पोल्लिलूरला चांगलाच हिसका दाखवला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांचे नमुने विलायतेला गेले. तिथे विल्यम काँग्रीव्ह या गृहस्थानं वूलिचच्या शस्त्रशाळेत दारूचं प्रमाण बदललं, नळीचे आकार बदलले, प्रत्येक वेळी काय झालं ते टिपलं आणि त्यावर पुस्तकं लिहिली. १८०७ मध्ये कोपनहेगन शहरावर पडलेली आग त्या टिपणांतून निघाली होती. बाण इकडचा, वही तिकडची. आपल्या बाणदारांच्या हातातलं कसब वादातीत होतं, पण अमुक वजनाच्या दारूनं बाण किती गेला हे त्यांच्यापैकी कुणी ओळीनं मांडून ठेवल्याचं दिसत नाही. पुढे बराच काळ इकडचा बाण लग्नाच्या वरातीत राहिला.

वरातीतला बाण या लढायांहूनही जुना आहे. देवरुखात जन्मलेले आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेत हयात घालवलेले परशुराम कृष्ण गोडे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या आतषबाजीच्या इतिहासावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'तली दारूकामाची यादी दाखवून दिली. लग्नसोहळ्याच्या वर्णनात आकाशात जाणारी हवई आहे, जमिनीवरचा भुईनळा आहे. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका कशी जाळतात ते महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना सांगितलं आणि मग तसाच दारूकामाचा सोहळा पर्वतीच्या पायथ्याशी झाला, हेही त्यात आहे. 

दिवाळीच्या बाणाला उभं करायला घरोघरी एकच सोय होती: सरबताची किंवा सोड्याची रिकामी काचेची बाटली. काठी बाटलीत, वात बाहेर. बाण जायचा, बाटली जागेवर राहायची. ही बाटलीच उडवायची तर ती हलकी हवी आणि दाबाला न फुटणारी हवी. काचेत या दोन्ही गोष्टी एकत्र येत नाहीत. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीतल्या नॅथॅनियल वायथ यांनी पेट प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये मिळवलं. फसफसणाऱ्या पेयातला वायू तिला आतून सतत ढकलत असतो, तरी ती फुटत नाही. म्हणूनच शाळेतल्या रॉकेटला कोल्ड्रिंकची बाटली लागते. साध्या पाण्याची पातळ, हातात चुरगळणारी बाटली त्या कामाची नाही.

या बाटलीमुळे पोरांच्या हातून दारू सुटली, हा तिचा सगळ्यात मोठा उपकार. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेत गल्लोगल्ली मुलं घरच्या घरी रॉकेटं बनवू लागली. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवुड या खाणगावातल्या होमर हिकम आणि त्याच्या दोस्तांचं रॉकेट १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान मेळाव्यात पदक घेऊन आलं, त्यावर पुढे सिनेमाही निघाला. पण त्याच काळात तळघरात स्फोटक मिश्रणं कालवताना हातापायांना मुकलेल्या मुलांवर कुणी सिनेमा काढला नाही.

पाण्याच्या रॉकेटला सामान फारच थोडं. दोन लिटरची बाटली, प्रयोगशाळेतलं रबरी बूच, सायकलच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, पंप आणि पुठ्ठ्याचे तीन पंख. बुचाला भोक पाडून व्हॉल्व्ह घट्ट बसवायचा, बाटलीत पाणी घालून ती उलटी करायची आणि हवा भरत राहायचं. सायकलच्या टायरात भरतात तेवढा, म्हणजे ६० पाउंडांचा दाब आत असेल, तर तोंडातून पाणी सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या वेगानं सुटतं. पाणी खाली, बाटली वर. न्यूटनचा तिसरा नियम म्हणून फळ्यावर लिहितात तो हाच.

खरी गंमत पाण्याच्या प्रमाणात आहे. बाटली अर्ध्याहून जास्त भरली तर ती जड होते, हवेला जागा उरत नाही आणि रॉकेट आळसावल्यासारखं उठून लगेच बसतं. पाणी अगदी कमी घातलं तर ढकलायला वस्तुमानच नसतं, नुसता फस्स आवाज. साधारण एक तृतीयांश पाण्याला ते सर्वात चांगलं जातं, पण हा आकडा पुस्तकातून उचलण्याऐवजी मुलांनी स्वतः काढावा. त्यात बूच आडवं येतं. ते कधी ४० पाउंडांना निसटतं, कधी ५० ला, त्यामुळे दोन उड्डाणांची तुलनाच होत नाही. म्हणून हुशार मुलं बुचाऐवजी बागेतल्या पाइपचा खटक्याचा जोड वापरतात आणि दोरी ओढून ठरलेल्या दाबालाच बाटली सोडतात. पुढच्या टोकाला थोडी माती लावून वजन वाढवलं की रॉकेट कोलांट्या खात नाही. काठीनं जे काम जुन्या बाणाचं केलं, ते इथे पंख आणि माती करतात. हीच वस्तू नीट मोजूनमापून केली तर कुठवर जाते, ते केपटाउन विद्यापीठाच्या चमूनं २०१५ मध्ये दाखवलं. त्यांचं पाण्याचं रॉकेट ८३० मीटर उंच गेलं.

इकडेही वही पुढे उघडलीच. कोल्हापुरात वाढलेले एकनाथ चिटणीस थुंबा इथल्या रॉकेट-तळाची जागा शोधण्याच्या कामात विक्रम साराभाईंबरोबर होते, आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट गेलं. घन इंधनाचा रसायनशास्त्रीय भार वसंत गोवारीकरांनी उचलला. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ नं रोहिणी उपग्रह कक्षेत ठेवला, तेव्हा ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. पुण्याच्या पाषाणमध्ये 'पिनाक' अग्निबाणाची रचना झाली आणि त्याची रॉकेटं नागपूरच्या अंबाझरीत तयार होऊ लागली. रघूजी भोसल्यांचं नागपूर, म्हणजे बाणाचा मुक्काम फारसा हललेला नाही.

प्रदर्शनात मात्र बऱ्याचदा रॉकेट एकदाच उडतं, टाळ्या पडतात आणि फळीवर 'क्रिया-प्रतिक्रिया' एवढाच तक्ता लटकतो. पुढच्या वेळी पालघर-बोईसरकडच्या एखाद्या प्रदर्शनात पाण्याचं रॉकेट दिसलं, तर ते किती उंच गेलं हे विचारू नका. पाणी किती घातलं होतं, दाब किती होता आणि तीच गोष्ट पुन्हा केली तेव्हा काय झालं, हे विचारा. आणि ते किनाऱ्यावर उडवलं असेल, तर बाटली परत उचलली का, तेही.