हळद घेऊन सांगलीला जाताय? लेकरांना आयर्विन पूल अन् हरिपूरचा संगम दाखवून आणा

हिंगोली : हिंगोली अन् वसमतचं हळद मार्केट मोठं असलं, तरी जिल्ह्यातले काही शेतकरी आजही माल सांगलीला नेतात. सौदा झाल्यावर लगेच परत फिरण्यापेक्षा घरच्यांना सोबत नेलं, तर कृष्णाकाठी एक दिवस चांगला जातो.

आयर्विन पूल : सांगली संस्थानच्या काळात बांधलेला हा दगडी कमानींचा पूल १९२९ मध्ये सुरू झाला. त्या वेळचे व्हाईसरॉय लॉर्ड आयर्विन यांचं नाव त्याला दिलं. महापुरात सगळ्या सांगलीचं लक्ष इथल्या पाण्याच्या मापाकडे असतं. ४० फुटांला इशारा, ४५ फुटांला धोका. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जवळच गणपती मंदिर आहे.

हरिपूरचा संगम : सांगलीला लागूनच हे गाव. इथं वारणा कृष्णेला मिळते. काठावर संगमेश्वराचं मंदिर आहे, श्रावणात यात्रा भरते. पलीकडचं कोथळी गाव कोल्हापूर जिल्ह्यात. पूल होण्याआधी पिढ्यान् पिढ्या लोक इथून नावेनंच ये-जा करायचे. 'संगीत शारदा' लिहिणारे नाटककार गोविंद बल्लाळ देवल याच गावचे.

हळदीची पेवं : हळद उत्पादकानं हरिपुरात ही पाहावीच. जमिनीत खोल खणलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बऱ्याच पेवांचं नुकसान झालं. जुन्या पेवात कुणी उतरू नये. आत हवा कोंडलेली असते, जीव गुदमरतो.

कधी जावं : हळद विक्रीचा उन्हाळाच बरा, तेव्हा नदी उतरलेली असते. पैनगंगा, पूर्णा, कयाधूच्या काठच्या लोकांना पुराचं सांगायला नको, पण परक्या नदीचा अंदाज येत नाही. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातच ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जण गेले. जून २०२५ मध्ये पुण्याजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीनं कोसळला, ४ जणांचा जीव गेला.

म्हणून पुलावर घोळक्यानं थांबू नका, भरलेल्या नावेत चढू नका, लाइफ जॅकेट नसेल तर लेकरांना बसवू नका. सेल्फी काठावरून काढला तरी चांगलाच येतो.