माजघरातला शिपाई

संमतिवयाच्या कायद्याविषयी लिहिताना आपल्याकडे टिळक-आगरकरांचा वाद रंगवण्याची रीत आहे. मला मात्र त्या गदारोळात कायद्याचा मजकूर कसा हरवला, हे अधिक पाहण्याजोगे वाटते.

१८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या बळजोरीने मेली. १८६०च्या दंडसंहितेत संमतीचे वय होते १०. फुलमणीने ते ओलांडलेले, त्यामुळे नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. दुसऱ्या कलमाखाली वर्षभराच्या सक्तमजुरीवर भागले. १९ मार्च १८९१ रोजी हे वय १२ झाले. बदल एवढाच. लग्नाच्या वयाला त्यात हातही लावलेला नव्हता.

पण बोभाटा झाला तो असा, की धर्म बुडाला, आता पोलीस शिपाई माजघरात शिरणार, घरंदाज मुलींच्या तपासण्या होणार! परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हा टिळकांचा आक्षेप वेगळा आणि विचार करण्यासारखा होता. मुलींची लग्ने सोळाच्या आत करू नयेत, असे स्वेच्छेने पाळण्याची सूचना त्यांनीच केली होती. डॉ. भांडारकरांनी शास्त्राधार काढून दाखवले. ते वाचले किती जणांनी? शिपायाची गोष्ट मात्र घरोघर पोचली.

आणि कायद्यात काय होते? आरोपी नवरा असेल तर गुन्ह्याची दखल जिल्हा मॅजिस्ट्रेटनेच घ्यायची (मुंबई-कलकत्त्यात मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने), आणि तपास पोलिसांकडे दिलाच तर इन्स्पेक्टरहून खालच्या माणसाकडे द्यायचा नाही. म्हणजे शिपायाला उंबरठ्यावर येण्याचीच सोय नव्हती. आपल्या बेळगाव जिल्ह्यापुरते बोलायचे, तर अथणीकडच्या खेड्यातल्या पोरीचे गाऱ्हाणे थेट कलेक्टरपर्यंत पोचायला हवे. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने ते पोचवायचे कसे? खरा आक्षेप घ्यायचा तर तो इथे होता. तो घ्यायला कोणाला सवड नव्हती. विरोधक धर्म वाचवीत होते, सुधारक विजय साजरा करीत होते.

पुढे १९२९च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरवले. अंमल १ एप्रिल १९३०पासून. मधल्या सहा महिन्यांत ठिकठिकाणी लहानग्यांची लग्ने घाईघाईने उरकण्यात आली. १९३१च्या खानेसुमारीत पंधराच्या आतल्या विवाहित मुलींची संख्या १९२१पेक्षा वाढलेली दिसते. ज्या कायद्याची एवढी धास्ती घेतली, त्यात मोठ्यात मोठी शिक्षा होती एक महिन्याची साधी कैद आणि हजार रुपये दंड. लागलेले लग्न तर कायमच राहत होते.