चाकाचा घेर आणि गाडीची चाल : आदिलाबादच्या रस्त्यांवरील हिशेब

पैनगंगेवरील पूल ओलांडला की राष्ट्रीय महामार्ग ४४ महाराष्ट्र सोडून तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. हा महामार्ग चौपदरी आणि सपाट आहे, वेगाला मोकळीक देणारा आहे. मात्र गुडिहत्नूरला डावीकडे वळून इंद्रवेल्ली, उटनूरची वाट धरली की रस्ता अरुंद होतो, आणि तिथून गोंड, कोलाम पाड्यांकडे फुटणाऱ्या वाटांवर काळी कपाशीची माती सुरू होते. तासा-दोन तासांच्या अंतरात एकाच गाडीला तीन प्रकारच्या भूमीवरून जावे लागते. गाडीला कोणत्या आकाराचे चाक असावे, या प्रश्नाचा विचार करण्यास याहून सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर सोळा आणि सतरा इंची चाके सारखीच देखणी दिसतात. त्यांच्यातील भेद कळतो तो उटनूरच्या रस्त्यावर.

आरंभीच एक घोळ दूर करणे आवश्यक आहे. ‘मोठे चाक’ म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात बहुधा मोठी रिम असते. रिम आणि चाकाचा एकूण घेर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टायरच्या बाजूवर ‘१६५/८० आर १४’ असे छापलेले असते. त्यातील १६५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, अर्थात साइडवॉलची, उंची त्या रुंदीच्या ८० टक्के. ‘आर’ हे रेडियल बांधणीचे चिन्ह आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. गणित केले तर साइडवॉल १३२ मिलिमीटर आणि चाकाचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर येतो.

मारुतीची स्विफ्ट हे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. तिच्या खालच्या प्रकारांना हाच १४ इंची आकार मिळतो आणि वरच्या प्रकाराला १८५/६५ आर १५. या दुसऱ्या चाकाचा व्यास भरतो साधारण ६२१ मिलिमीटर. रिम एका इंचाने वाढली, पण चाकाचा घेर जवळजवळ होता तेवढाच राहिला. वाढलेली रिम आपली जागा साइडवॉलमधून घेते, आणि साइडवॉल १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते. बाहेरून १९५/५५ आर १६ बसवून घेतले तर ती १०७ होते. २०५/४५ आर १७ बसवले तर ९२. म्हणजे १४ वरून १७ इंचांवर जाताना रस्ता आणि धातू यांच्यामधील रबर-हवेची गादी चार सेंटीमीटरने, जवळपास तीस टक्क्यांनी पातळ होते. आदिलाबादच्या संदर्भात तरी पुढचा बराचसा विचार या चार सेंटीमीटरांभोवतीच फिरतो.

अर्थात या अदलाबदलीत लाभही होतो. वळणावर गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते आणि टायरची साइडवॉल आडवी दबते. ती जितकी उंच, तितकी अधिक दबते. स्टिअरिंग फिरवल्यानंतर गाडीचे नाक वळायला क्षणभराचा उशीर लागतो. आखूड आणि ताठ साइडवॉल हा उशीर कमी करते. निर्मळजवळचा महबूब घाट २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. जिल्ह्याचे चार भाग झाल्यानंतर तो निर्मळ जिल्ह्यात गेला. त्या जुन्या वळणदार रस्त्यावर, किंवा आपल्याकडे चोर्ला घाटात, पंधरा-सोळा इंची चाकांची गाडी अधिक नेमकी वळते, हा चालकांचा अनुभव खरा आहे. मोठ्या रिमच्या पोटात मोठी ब्रेक-डिस्क मावते, हे आणखी एक कारण. वेगवान गाड्यांना मोठ्या रिम देण्यामागे केवळ शोभा नसते. मात्र बाजारातून नुसती रिम आणून बसवली तर आतली डिस्क जुनीच राहते. मग जाळीदार रिममधून तिचा लहानपणा तेवढा उठून दिसतो.

रुंद टायरविषयीही एक समज रूढ आहे : रुंदी वाढली की रस्त्याला टेकणारे क्षेत्र वाढते. ते क्षेत्र मुख्यतः चाकावरील भार आणि आतील हवेचा दाब यांवर ठरते. एका चाकावर ३०० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा असेल, तर साधारण १३० चौरस सेंटीमीटर, म्हणजे तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकतो. टायर रुंद केल्याने त्या तळहाताचा आकार बदलतो. तो आडवा पसरट आणि पुढे-मागे आखूड होतो. कोरड्या वळणावर हे उपकारक ठरते. साचलेल्या पाण्यावर मात्र पसरट टायरला समोरचे पाणी बाजूला सारणे जड जाते आणि चाक पाण्यावर तरंगू लागते. विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून ‘नासा’ने १९६० च्या दशकात या तरंगण्याचे एक ढोबळ सूत्र दिले. त्यानुसार ३२ पीएसआयच्या टायरसाठी हा वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. टायरची नक्षी झिजलेली असेल तर धोका त्याआधीच सुरू होतो. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी हा मोटारींसाठीचा नियम त्यासाठीच आहे. जुलै-ऑगस्टात महामार्ग ४४ वर काय किंवा गोव्याच्या महामार्गांवर काय, ही गोष्ट ध्यानात असलेली बरी.

आता गाडीच्या जोराचा विचार करू. इंजिन चाकाला पीळ देते आणि तो पीळ चाकाच्या त्रिज्येने भागला की रस्त्यावरचा जोर मिळतो. एकूण व्यास वाढला की जोर घटतो. स्विफ्टला १९५/६५ आर १५ बसवले तर व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर होतो, म्हणजे २.४ टक्के अधिक. तेवढ्याच प्रमाणात चढणीवरची ओढ कमी होते आणि ब्रेकचा परिणामही. स्पीडोमीटर फेऱ्या मोजतो. त्याला घेर बदलल्याचे ठाऊक नसते. काटा १०० दाखवत असताना गाडी मूळ चाकाच्या तुलनेत १०२ हून अधिक वेगाने धावत असते. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असा संयुक्त राष्ट्रांचा वाहनविषयक नियम क्रमांक ३९ सांगतो. म्हणून कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात. घेर वाढवणारा मनुष्य ही राखीव सावधगिरी खर्ची टाकत असतो.

घेर तोच ठेवून फक्त रिम वाढवली तरी वजनाचा प्रश्न उरतोच. रबराच्या जागी धातू येतो आणि तो आसापासून दूर, कडेकडे सरकतो. फिरत्या वस्तूच्या कडेचे वजन दुहेरी खर्चाचे असते. ते पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते, म्हणून अगदी परिघावरचा एक किलो गाडी वेग घेताना जवळपास दोन किलोंसारखा वागतो. शिवाय चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते. जड चाक खड्ड्यातून उसळले की शॉकअ‍ॅब्सॉर्बरला ते आवरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ टायर रस्त्याला नीट धरून नसतो. लहान इंजिनाच्या गाडीला सतरा इंची जड रिम लावली की ती सुस्तावते आणि इंधनही अधिक पिते. सगळ्याच अलॉय रिम हलक्या असतात, हा समजही तपासून घ्यावा. स्वस्त ओतीव अलॉय कित्येकदा मूळच्या पोलादी रिमहून जड निघते.

आता महामार्ग सोडून काळ्या मातीकडे वळू. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पाया वर्षातून एकदा वर-खाली होतो. डांबर लाटेसारखे उठते, कडा खचतात आणि धारदार काठाचे खड्डे पडतात. गोव्यात जांभ्याच्या भूमीवर खड्डे पडत नाहीत असे नव्हे, पण असा श्वास घेणारा पाया तिथे सहसा नसतो.

खड्ड्याच्या काठावरून चाक वर चढताना काय होते, हे यंत्रशास्त्राच्या साध्या सूत्राने काढता येते. काठ साडेसात सेंटीमीटर उंच आणि चाक ताठ आहे असे धरू. जुन्या मारुती ८०० चे चाक सुमारे ५१ सेंटीमीटर व्यासाचे. त्याला हा काठ चढायला चाकावरील भाराइतकाच आडवा जोर लागतो. स्विफ्टच्या ६२ सेंटीमीटरच्या चाकाला भाराच्या सुमारे ८६ टक्के आणि महिंद्रा थारच्या ७७ सेंटीमीटरच्या चाकाला ७३ टक्के. बैलगाडीचे चाक १२० सेंटीमीटरचे धरले तर केवळ ५५ टक्के.

आदिलाबादच्या सुतारांना हे सूत्र लिहून दाखवण्याची गरज कधी पडली नाही. इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरला पुष्य अमावस्येच्या सुमारास नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळाचे गोंड परंपरेने रानावनातून बैलगाड्या हाकत तिथे येतात. उंच चाक, लांब आरे आणि अरुंद लोखंडी धाव हे त्या वाटांचे उत्तर होते. उंच चाक दगड-खाच सहज ओलांडते आणि त्याचा आस चिखलाच्या वर राहतो. अरुंद धाव वरचा राड कापून खालच्या टणक थरावर टेकते. जिथे खाली टणक थरच नसतो, तिथे मात्र ती रुतत जाते. पाऊस लागल्यावर गाडीवाट बंद होत असे, ती त्यामुळे.

इथे मोटारीच्या बाबतीत पुन्हा तोच भेद आडवा येतो. काठ चढायला मदत करतो तो एकूण घेर. रिमचा व्यास नव्हे. सतरा इंची रिम लावलेली स्विफ्ट खड्ड्यासमोर मोठ्या चाकाची होत नाही. घेर जुनाच राहतो आणि वर गादी पातळ झालेली असते. धारदार काठावर आदळताच टायर रिम आणि डांबर यांच्यामध्ये चिमटला जातो, साइडवॉलच्या आतील दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. पोलादी रिम वाकली तर गावातला कारागीर ती ठोकून वेळ निभावून नेतो. अलॉयला तडा गेला तर तो उपाय उरत नाही. बोलेरोला कंपनीने २१५/७५ आर १५ हा आकार दिला आहे. मध्यम रिम, १६१ मिलिमीटरची उंच साइडवॉल आणि ७० सेंटीमीटरचा एकूण व्यास. अशा मुलखात ही गाडी इतकी का दिसते, त्याचे अर्धे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

जगात इतरत्रही चाकाचा आकार रस्ता आणि प्रयोजन पाहूनच ठरला. १९५९ च्या ब्रिटिश ‘मिनी’ला अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी अवघ्या दहा इंची रिम दिल्या, कारण लहान गाडीत माणसांना जागा हवी होती आणि रस्ते चांगले होते. बीएमडब्ल्यूच्या विजेवरील ‘आय-३’ला १५५/७० आर १९ अशी उंच पण अरुंद चाके मिळाली, तिथे बॅटरीची बचत महत्त्वाची होती. फॉर्म्युला वनने २०२२ मध्ये तेरा इंची रिम सोडून अठरा इंची स्वीकारल्या, तेव्हा टायरचा व्यासही ६७० वरून ७२० मिलिमीटर झाला. हौशी तरुण दाखला देतात तो या शेवटच्या उदाहरणाचा. पण शर्यतीच्या मार्गावर खड्डे नसतात.

हवेचा दाबही या साऱ्याशी निगडित आहे, आणि आदिलाबादचे हवामान त्याची कठोर परीक्षा घेते. हिवाळ्यात इथला पारा तेलंगणातील सर्वांत खालच्या आकड्यांवर उतरतो आणि मे महिन्यात चाळिशी केव्हाच मागे टाकतो. आठ अंशांच्या पहाटे ३२ पीएसआय भरलेला टायर हवा न गळता चव्वेचाळीस अंशांवर गेला, तर दाब सुमारे ३८ होतो. उलट उन्हाळी दुपारी तापलेल्या टायरमध्ये ३२ भरून घेतले तर थंडीत तो २७ च्याही खाली उतरतो. उंच साइडवॉल एवढी तफावत पोटात घालते. पातळ साइडवॉलचा कमी हवेचा टायर मात्र पहिल्याच काठावर रिमसह निकामी होऊ शकतो. चिखलात अडकल्यावर हवा थोडी कमी करून टायर पसरवण्याची जुनी युक्तीही त्याला चालत नाही. हवा तपासायची ती टायर थंड असतानाच.

रिम बदलायचीच असेल तर व्यासाखेरीज आणखी काही आकडे जुळावे लागतात. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या छिद्राचे माप चुकले तर चाक हादरे देते. ‘ऑफसेट’, म्हणजे बोल्ट टेकण्याची पातळी रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे, ते चुकले तर चाक मडगार्डबाहेर डोकावते, बेअरिंगवर वाकडा भार येतो आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग हातात ओढू लागते. टायरवरील भारांकही मूळ टायरहून कमी नसावा. ८५ हा अंक ५१५ किलो, तर ८८ हा ५६० किलो भार दर्शवतो.

कायद्याची बाजू अनेकांच्या गावी नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितले आहेत. अपघातानंतर विमा कंपनीला हरकत घेण्यास निमित्त मिळते ते वेगळेच. कंपनीने त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला दिलेला आकार घेणे हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी आणि गाडीची पुस्तिका यांत मान्य आकार आणि हवेचा दाब छापलेला असतो.

चार चाके बदलणारे बहुतेकजण पाचवे विसरतात. डिकीतली स्टेपनी जुन्याच आकाराची राहते. घेर जुळत असेल तर ती वेळ मारून नेते; नसेल तर पुढच्या दोन चाकांचे फेरे वेगळे पडतात आणि डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही वळणाचे काम करावे लागते. अलॉयचे बोल्ट पोलादी रिमला बसतात का, हेही आधी पाहून ठेवायला हवे. आणि २०५/४५ आर १७ चा टायर उटनूरच्या पुढे रात्री फुटला, तर त्या मापाचा दुसरा टायर मिळवायला आदिलाबाद शहर किंवा थेट नागपूर, हैदराबाद गाठावे लागते. १६५/८० आर १४ साठी बहुधा तालुक्याच्या गावातले दुकान उघडण्याची वाट पाहिली की काम भागते.