पर्किनने कॉलेज सोडले तेव्हा

पुढील पदवीच्या अभ्यासास जाण्यापूर्वी कारखान्यात उमेदवारी करावी, की एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधनाचा अनुभव घ्यावा, हा प्रश्न आज घरोघर पडतो. तो नवा मात्र नाही. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या एका मुलापुढे तो उभा राहिला होता.

विल्यम हेन्री पर्किन हा रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत हॉफमन या जर्मन आचार्यांचा साहाय्यक. ईस्टरच्या सुटीत घरच्या लहानशा प्रयोगशाळेत तो हिवतापावरील क्विनीन कृत्रिम रीतीने करू पाहत होता. क्विनीन मिळाले नाही. मिळणे शक्यही नव्हते, कारण त्याची रचनाच तेव्हा कोणास ठाऊक नव्हती. तोच प्रयोग ॲनिलिनवर करता काळा गाळ उरला, आणि मद्यार्कात तो विरघळताच जांभळा रंग उतरला. दुसरा एखादा भांडे घासून मोकळा झाला असता! पर्किनने त्यात रेशीम बुडविले, नमुना पर्थच्या पुलर नामक रंगाऱ्यांकडे धाडला आणि ऑगस्टमध्ये पेटंट घेतले.

कॉलेज सोडण्याचा बेत ऐकून हॉफमन नाराज झाले. संशोधन कायमचे सुटेल ही धास्ती आपल्यालाही होती, असे पर्किनने पुढे वृद्धपणी सांगितले. तरीही वडिलांनी आयुष्याची पुंजी घातली, थोरला भाऊ हाताशी आला, आणि १८५७ मध्ये ग्रीनफर्ड ग्रीन येथे कारखाना निघाला.

आता खरी शाळा सुरू झाली. ॲनिलिन बाजारात मिळेना, म्हणून ते बेंझिनपासून स्वतःच करणे आले. हवे तितके तीव्र नायट्रिक आम्ल मिळेना, म्हणून चिलीचा सोरा आणि गंधकाम्ल यांवर काम भागविले. त्यात स्फोटाचे भय. रेशमावर बसणारा रंग सुती कापडावर टिकेना, तेव्हा टॅनिनची युक्ती शोधावी लागली. यांतले काहीही हॉफमनच्या वर्गात शिकविले जात नव्हते. पण हॉफमनजवळ काढलेली तीन वर्षे नसती, तर तो काळा गाळ पर्किनला बोलला असता काय? मला तसे वाटत नाही. आधी प्रयोगशाळा, मग कारखाना, हा क्रम त्याला लाभला तो निम्मा योगायोगानेच.

शिवाय धास्ती खोटी ठरली. कारखाना चालवीतच त्याने १८६८ मध्ये कुमारिन हे सुगंधी द्रव्य कृत्रिम रीतीने सिद्ध केले. पुढच्याच वर्षी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून मिळणाऱ्या आलिझरिनचे पेटंट मागण्यात जर्मनांनी त्याला एका दिवसाने मागे टाकले. जर्मन कारखाने विद्यापीठांत तयार झालेले रसायनज्ञ पदरी बाळगू लागले होते. इंग्लंडात ते नव्हते. हॉफमनही १८६५ मध्ये बर्लिनला परतले होते.

१८७४ साली, छत्तिसाव्या वर्षी, पर्किनने कारखाना विकला आणि तो पुन्हा प्रयोगशाळेत शिरला. त्याच्याच नावाचा थोरला मुलगा रसायनाकडे वळला, तेव्हा पुढील शिक्षणासाठी तो जर्मनीतील विद्यापीठांत गेला, आणि परतून प्राध्यापक झाला.