फ्रेंच अक्षरांना वळण लावणारा मास्तर

श्रोतेहो, पोरांच्या अक्षराला वळण लावणं किती जिकिरीचं, हे शिक्षक मंडळींना सांगायला नको. आज अशा एका मास्तराची हकिकत सांगतो, की ज्यानं एका अख्ख्या भाषेच्या छापील अक्षरांना वळण लावलं.

त्याचं नाव जॉफ्र्वा तोरी. 1480 च्या सुमारास फ्रान्समधल्या बुर्ज गावी तो जन्मला. इटलीत शिकला, पॅरिसला अध्यापक झाला आणि पुढे पुस्तकांच्या धंद्यात पडला. त्या काळी विद्वानांची भाषा लॅटिन. फ्रेंच ही घरादारातली बोली; ती छापायची कशी, याला धड नियम नव्हता.

1522 साली त्याची लेक आन्येस वारली. दहाच्या आतली पोर. तिच्यावरची शोककविता त्यानं छापली आणि तीत फुटक्या कलशाचं चित्र घातलं. तेच चित्र पुढे त्याच्या दुकानाची निशाणी झालं. पण बाप हातपाय गाळून बसला नाही.

1529 साली त्याचं ‘शां फ्लरी’ हे पुस्तक निघालं. रोमन अक्षरांची मापं त्यानं त्यात माणसाच्या देहाशी ताडून दाखवली. शिवाय हे पुस्तक लिहिलं फ्रेंचमध्ये. आणि आपल्या बोलीलाही नियम हवेत, असा त्यात आग्रह धरला.

आता असं पाहा. आपला ‘च’ ‘चार’ शब्दात एक बोलतो, ‘चाक’ शब्दात दुसरा. लिहितो मात्र आपण एकच. फ्रेंचमध्ये ‘सी’ हे अक्षर असंच कुठे ‘क’, कुठे ‘स’. तोरीनं सुचवलं, ‘स’ म्हणायचा तिथे खाली छोटी शेपटी द्या. ‘एम’ म्हणजे प्रेम करतो आणि ‘एमे’ म्हणजे प्रेम केलेला; हे दोन्ही शब्द छापात सारखेच दिसत! त्यावर उपाय, स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ. रोबेर एतिएन हा मुद्रकही त्याच सुमारास ती वापरू लागला.

राजा पहिला फ्रान्स्वा यानं तोरीला राजमुद्रक नेमलं. 1533 साली क्लेमां मारो या कवीचा संग्रह त्यानं या नव्या खुणांसह छापला, आणि त्याच साली तो वारला. 1539 साली राजाज्ञा निघाली, की कोर्टाचे कागद फ्रेंचमध्येच लिहावेत. पुढे गारामोंसारख्या कारागिरांच्या सुबक रोमन खिळ्यांनी जुनी गॉथिक अक्षरं मागे सारली.

कलश फुटला खरा. पण ती शेपटी आणि ती तिरकी रेघ फ्रान्समधलं प्रत्येक मूल आजही शाळेत गिरवतं.