बर्म्युडा: वाटेवरचं बेट
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'बर्म्युडा' हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी ऐकू येतो. एक कपड्यांच्या दुकानात आणि दुसरा जहाजं गिळणाऱ्या 'त्रिकोणा'च्या गोष्टींत. गुडघ्यापर्यंतची ती विजार ब्रिटिश सैन्याच्या पोशाखातून आली. बेटावरच्या प्रतिष्ठित पुरुषांनी लांब मोजे चढवून, कोट-टाय लावून ती थेट कचेरीत नेली. त्रिकोण ही विसाव्या शतकातल्या मासिकांनी रंगवलेली कहाणी. तिच्यात फार अर्थ नाही. शिडाच्या नौकांवर फिरणाऱ्यांना मात्र हे बेट वेगळ्याच कारणानं ठाऊक असतं. एका उंच डोलकाठीवरचं त्रिकोणी शीड, जे आज बहुतेक सगळ्या यॉटवर दिसतं, ते या बेटाच्या नावानं ओळखलं जातं. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी ज्या गोव्यात बांधलेल्या 'तारिणी'वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिचं मुख्य शीडही याच जातीचं.

बर्म्युडा म्हणजे खरं तर एक बेट नव्हे, लहान बेटांची माळ आहे. मोठी बेटं पुलांनी जोडलेली. अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये. सगळं क्षेत्रफळ चोपन्न चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या कुलाबा ते माहीम-शीव एवढ्या मुंबईहूनही कमी. लांबी साधारण पस्तीस किलोमीटर. चर्चगेट ते बोरिवली म्हणा ना!

वसंतात कॅरिबियन समुद्रातून युरोपकडे निघालेल्या यॉट इथं थांबतात. आधी पूर्व टोकाच्या सेंट जॉर्जेस बंदरात कागदपत्रं दाखवायची, मग पाणी भरायचं, फाटलेलं शीड शिवायचं आणि वाऱ्याची वाट पाहायची. वारा काही आपल्या सवडीनं वाहत नाही. चार दिवसांचे आठ दिवस होतात. मग कोणी नौकेतली घडीची सायकल काढतो, कोणी भाड्याची घेतो आणि मंडळी बेट पाहायला निघतात.

सायकल निघते तिथंच, धक्क्याला लागून असलेल्या ऑर्डनन्स बेटावर, सर जॉर्ज सोमर्स या दर्यावर्दीचा पुतळा आहे. १६०९ च्या जुलैमध्ये त्याचं 'सी व्हेंचर' हे जहाज अमेरिकेतल्या जेम्सटाऊन वसाहतीकडे निघालं होतं. वादळात ते इथल्या प्रवाळ खडकांत अडकलं. जहाजावर दीडशेच्या आसपास माणसं होती आणि सगळी जिवंत किनाऱ्याला लागली. बेटावर माणूस नव्हता. पण आधीच्या जहाजांनी सोडलेली डुकरं होती, कासवं होती, हातानं धरावेत असे निर्भय 'काहाऊ' पक्षी होते. (हा पक्षी पुढं तीनशे वर्षं नामशेष समजला गेला आणि १९५१ मध्ये पुन्हा सापडला.) सोमर्सनं होडीतून फिरून बेटाचा नकाशा काढला. इथल्याच सीडरच्या लाकडातून आणि फुटक्या जहाजाच्या सामानातून 'डिलिव्हरन्स' आणि 'पेशन्स' अशी दोन जहाजं बांधली गेली. सक्तीचा हा मुक्काम नऊ-दहा महिने चालला.

ही कथा शौर्याची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र वेगळा आहे. बऱ्याच कामकरी माणसांना पुढं जायचंच नव्हतं. जेम्सटाऊनला उपासमार आणि कष्ट, इथं पोटभर अन्न आणि चांगली हवा; मग जायचं कशाला? स्टीफन हॉपकिन्स नावाच्या एकानं तर कायद्याचा मुद्दाच काढला की जहाज फुटलं तिथं गव्हर्नर गेट्सचा अधिकारही संपला. त्याला मृत्युदंड सुनावला गेला. विनवण्यांवर तो सुटला. हेन्री पेन नावाचा दुसरा बंडखोर सुटला नाही. त्याला गोळी घालण्यात आली. मे १६१० मध्ये दोन्ही जहाजं निघाली, तेव्हा दोघं जण मागे राहिले. बाकीचे जेम्सटाऊनला पोचले, तर तिथं भुकेनं खंगलेली साठेक माणसं उरलेली. पेनचा अंदाज काही चुकीचा नव्हता.

सेंट जॉर्जेसहून पश्चिमेकडे निघालं की सायकलवाल्याला रेल्वे ट्रेल लागते. १९३१ मध्ये इथं रेल्वे सुरू झाली आणि १९४८ मध्ये बंद पडली. रूळ-डबे ब्रिटिश गियानाला विकले. उरलेल्या वाटेवरून आज पायी किंवा सायकलवरून जाता येतं. राजधानी हॅमिल्टनच्या आसपास ती तुटते, पण एकूण सुमारे एकोणतीस किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कापलेले कडे, मधूनच समुद्र आणि पांढऱ्या पायऱ्या-पायऱ्यांच्या छपरांची घरं. ही छपरं शोभेची नव्हेत. बेटावर नदी नाही. पावसाच्या पागोळ्या वाया न घालवता सगळं पाणी पन्हळीतून घराखालच्या टाकीत न्यायचं, त्यासाठी ही रचना. नव्या घराला टाकी बांधणं कायद्यानंच सक्तीचं आहे. आपल्या कोकणात पावसाळ्यात किती पाणी समुद्राला जातं, ते इथं आठवल्याशिवाय राहत नाही.

रेल्वे इतक्या उशिरा का आली, याचं कारणही गमतीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी येऊ लागल्या तेव्हा इथं विश्रांतीला येणाऱ्या अमेरिकनांनी विरोधाचा अर्ज केला. सही करणाऱ्यांत लेखक मार्क ट्वेन होते आणि पुढं अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सनही होते. १९०८ मध्ये कायद्यानं मोटारींना बंदी झाली. १९४६ पर्यंत बेट घोडागाडी, सायकल आणि १९३१ पासून रेल्वे यांवर चाललं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तळ आले, त्यांच्या गाड्या आल्या आणि बंदी टिकेना. आजही घरटी एकच मोटार आणि वेगमर्यादा ताशी पस्तीस किलोमीटर. सायकलवाल्याला हे सुख वाटतं, आणि आहेच. पण शांतता हवी होती ती प्रामुख्यानं श्रीमंत पाहुण्यांना, हेही लक्षात ठेवावं. त्यांच्या हॉटेलांत काळ्या पाहुण्यांना जागा नव्हती. हा भेदभाव मोडायला १९५९ चा नाट्यगृह-बहिष्कार व्हावा लागला.

हॅमिल्टनला धक्क्याच्या कडेला रॉयल बर्म्युडा यॉट क्लब आहे. १९०६ मध्ये तीन नौकांनी न्यूयॉर्कहून सुरू केलेली समुद्री शर्यत आज दर सम वर्षी अमेरिकेतल्या न्यूपोर्टहून निघते आणि तिचे खलाशी इथंच येऊन विसावतात. क्लबच्या शेजारी बार्स बे नावाची लहानशी बाग आहे. तिथं चेस्ली ट्रॉट या स्थानिक शिल्पकाराचं एक शिल्प आहे, 'वी अराइव्ह', म्हणजे 'आम्ही आलो'. शर्यतीतल्या नौकांशी त्याचा संबंध नाही.

फेब्रुवारी १८३५ ची गोष्ट. 'एंटरप्राइझ' नावाचं अमेरिकी जहाज आजच्या व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाहून दक्षिणेकडे चार्ल्स्टनला निघालं होतं. वादळानं त्याला भरकटवलं आणि अन्नपाण्यासाठी ते हॅमिल्टनला आलं. जकात अधिकाऱ्यांना त्यात अठ्ठ्याहत्तर गुलाम आढळले. त्यांत लहान मुलं पुष्कळ. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपून सहा-सात महिनेच झाले होते. बर्म्युडानं तर, इतर बहुतेक वसाहतींतली सक्तीच्या उमेदवारीची मधली पायरी न ठेवता, १ ऑगस्ट १८३४ ला एकदम सगळ्यांना मुक्त केलं होतं. या बेटावरही गुलामगिरी दोन शतकं होती, हे विसरू नये. १७९५ मध्ये ब्रिटिश युद्धनौका खडकांतून सुखरूप आत आणणारा वाटाड्या जेम्स डॅरेल हा स्वतः गुलाम होता. त्या कौशल्याच्या बळावर पुढच्या वर्षी तो मुक्त झाला.

कॅप्टनला लवकर निघायचं होतं. पण मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या एका परस्पर-साहाय्य मंडळानं, रिचर्ड टकर यांच्या पुढाकारानं, कोर्टातून हेबियस कॉर्पसचा हुकूम मिळवला. १८ फेब्रुवारीच्या रात्री सगळ्यांना मुख्य न्यायाधीशांपुढं आणलं गेलं. न्यायाधीशांनी समुदायाला एकत्र प्रश्न केला नाही. एकेकाला पुढं बोलावून विचारलं: जहाजावर परत जायचं की इथं मुक्त माणूस म्हणून राहायचं? दोनशे पंचवीस वर्षांपूर्वी हेन्री पेनला या प्रश्नाचं उत्तर देण्याचा अधिकार नाकारला गेला होता.

बहात्तर जणांनी राहायचं ठरवलं. त्यांच्यासाठी गावात वर्गणी जमली, निवाऱ्याची सोय झाली. मटिल्डा रिजली ही बाई मात्र आपल्या पाच मुलांसह परत जहाजावर गेली. ते तिचं उत्तर होतं आणि कोर्टानं तेही मानलं. 'एंटरप्राइझ' त्या सहा जणांना घेऊन चार्ल्स्टनकडे निघालं. उरलेल्या बहात्तर जणांबद्दल मालक पुढं अनेक वर्षं भरपाई मागत राहिले आणि १८५० च्या दशकात आंग्ल-अमेरिकी लवादानं ती ब्रिटनकडून त्यांना मिळवून दिली. त्या बहात्तरांचे वंशज आजही बर्म्युडात आहेत.