डोक्याचं माप

संक्रांत नुकतीच झाली होती. त्वचेच्या डॉक्टरांनी माझं डोकं दिव्याखाली धरलं, चारी बाजूंनी फिरवून पाहिलं आणि आम्ही बुडीत कर्जाकडे बघतो तसा चेहरा करून म्हणाले, "इथं आता नवीन काही येणार नाही. आहे ती कातडी जपा. उन्हात काठाची टोपी घालत जा."

"काठाची म्हणजे?"

"हॅट हो, हॅट!"

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "मी हॅट घेणार आहे."

"हॅट्!" ती म्हणाली. आमच्याकडं हा शब्द एवढ्याच कामाला वापरतात.

पण माझं ठरलं होतं. परभणीचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना मी जास्त सांगायला नको. मे महिन्यात ४३ अंशांत स्टेशन रोडवरून चालणाऱ्या माणसाला डोकं आहे की तवा आहे हे समजत नाही. शिवाय घ्यायचीच तर जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमातल्या गुप्तहेरासारखी घ्यायची, हेही मी मनाशी पक्कं केलं. माथ्याला चिमटा काढलेला, काठ पुढून जरा वाकलेला, भोवती रेशमी फीत. आपण तिला नुसतं फेल्ट हॅट म्हणतो, पण तिचं नाव फेडोरा. १८८२ साली पॅरिसमध्ये व्हिक्तोरियाँ सार्दूचं ‘फेदोरा’ हे नाटक आलं. त्यात फेदोरा नावाच्या राजकन्येचं काम सारा बर्नहार्टनं केलं आणि तिच्या डोक्यावरच्या मऊ टोपीला नाटकाचंच नाव चिकटलं. ही माहिती मी उत्साहानं घरात सांगितली.

"म्हणजे मुळात बायकांची टोपी!" बायको म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

पहिली हॅट मी फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरसात घेतली. परभणीच्या उरसात रहाटपाळण्यापासून खाज्यापर्यंत काय मिळत नाही? पोरांच्या गॉगलशेजारी हॅटही टांगलेल्या होत्या. "काय शोधायलात साहेब? घाला, बघा, हिरो!" असं म्हणून विक्रेत्यानं ती माझ्या डोक्यावर ठेवली. ती थेट कानांवर येऊन थांबली. कान नसते तर गळ्यात आली असती. तरी मी ती घेतली, कारण चार माणसं जमली होती आणि चार माणसांत "नको" म्हणायची आपल्याला सवय नाही. पहिल्याच घामाला तिचा काळा रंग माझ्या कपाळावरून खाली उतरला. कॅशियर म्हणाला, "गंधाचा रंग बदलला का?"

तेव्हा मी शहाणा झालो आणि अभ्यासाला लागलो. नवशिक्यानं पहिली गोष्ट ही करायची, की शिंप्याची टेप घेऊन कपाळाच्या मध्यावरून, कानांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून डोक्याचा घेर मोजायचा. घट्ट आवळायची नाही, आत एक बोट गेलं पाहिजे. माझा घेर भरला २२ इंच. हॅटचा नंबर काढायला या घेराला ‘पाय’नं भागतात. पाय म्हणजे २२ भागिले ७, म्हणून माझा नंबर नेमका ७! मी कॉमर्सचा माणूस. दहावीनंतर हे पाय मला असे डोक्यात भेटतील असं वाटलं नव्हतं. (हा ७ अमेरिकन पद्धतीचा. इंग्रज त्याच डोक्याला अष्टमांशानं कमी लेखतो. आपल्याला ते नवीन नाही.)

दुसरी गोष्ट फेल्टची. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे. आपली घोंगडी विणतात, पण बुरणूस लोकर भिजवून, दाबून, मळून करतात. फेल्ट हे त्याच जातीचं. केसाला बारीक खवले असतात. गरम पाणी आणि दाब मिळाला की ते एकमेकांत असे अडकतात की सुटायचं नाव नाही. स्वस्त हॅट मेंढीच्या लोकरीची, चांगली सशाच्या केसांची, त्याहून उंची बीव्हर नावाच्या पाणप्राण्याच्या केसांची. पूर्वी हे केस मऊ करायला पाऱ्याचं क्षार वापरत. त्याच्या वाफेनं कारागिरांचे हात कापायचे, बोलणं अडखळायचं. अमेरिकेत हा प्रकार १९४१ साली बंद झाला. उंची टोपी एकाच्या डोक्यावर शोभावी म्हणून दुसऱ्याचं डोकं बिघडायचं, हा सौदा तोवर बिनबोभाट चालू होता.

अशी हॅट परभणीत मिळेना. गांधी पार्काच्या बाजूला दोन दुकानं पालथी घातली. तिथं पांढऱ्या टोप्यांच्या चळती होत्या. हॅट म्हटल्यावर दुकानदारानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. एवढ्यात हैदराबादला एका लग्नाचं निघालं. नमुन्याला घरातली एखादी टोपी बरोबर न्यावी म्हणून मी माळ्यावरची आजोबांची ट्रंक खाली काढली. आत डांबरगोळ्यांच्या वासात दोन टोप्या होत्या. एक खादीची पांढरी, एक लाल गोंडेदार रुमी टोपी.

या दोन टोप्यांत सगळा मराठवाडा बसतो म्हटलं तरी चालेल. रूम हे तुर्कस्तानाकडच्या मुलखाचं जुनं नाव, तिथली म्हणून रुमी टोपी. तिथं सुलतान दुसरा महमूद यानं १८२९ साली पागोटी उतरवून ती दरबारी नोकरांच्या डोक्यावर बसवली, सुधारणा म्हणून. शंभर वर्षं भरायच्या आत, १९२५च्या ऑगस्टमध्ये मुस्तफा केमाल कास्तामोनू गावी पनामा हॅट घालून उतरला आणि नोव्हेंबरात कायदाच केला. रुमी टोपी बंद, हॅट घाला! तीही सुधारणा म्हणूनच. आख्खा देश एका हिवाळ्यात हॅटचा नवशिका झाला. माझ्यासारखी कानांवर हॅट आलेली किती माणसं तिथं रस्त्यानं हिंडली असतील, या विचारानं मला फार धीर आला.

तुर्कांनी टाकलेली टोपी आमच्याकडं मात्र जोरात होती. निजाम मीर उस्मान अली खान यांची ती आवडती. १९३१ साली त्यांच्या थोरल्या चिरंजीवांचं लग्न पदच्युत खलिफाच्या मुलीशी झालं, तेही फ्रान्समध्ये, नीस इथं. म्हणजे रुमी टोपीला माहेर राहिलं नव्हतं, पण सासर भक्कम होतं. परभणी तेव्हा निजामाच्या मुलखात. कचेरीचा कारभार उर्दूत, नाणं हाली, म्हणजे ७ हाली दिले तर ६ कलदार मिळायचे. मुसलमानच नव्हे, कचेरीतले हिंदू नोकरदारही ही टोपी घालत. आमचे आजोबा तहसील कचेरीत कारकून होते. तेव्हा ही टोपी त्यांचीच, असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते.

पांढऱ्या टोपीची गोष्ट वेगळी. गांधीजींनी ती १९१९-२०च्या सुमारास काढली. स्वतः फार दिवस घातली नाही. १९२१ साली ते पंचावर आले आणि टोपी आपल्या डोक्यावर ठेवून गेले. पण निजामाच्या राज्यात ती घालणं म्हणजे पोलिसांना बोलावणं धाडणं. १९३८ साली स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, तेव्हा ही टोपी घालून माणसं तुरुंगात गेली.

आणि हॅट? तिच्यावर तर आमच्या पूर्वजांचा जुना राग. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी इंग्रज, फिरंगी, वलंदेज या सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरला, टोपीकर. वर हे नुसते व्यापारी समजू नका अशी ताकीद दिली. पण हीच हॅट बाबासाहेब आंबेडकरांच्या डोक्यावर छायाचित्रांत पाहा. ज्या लोकांनी काय नेसावं इथपर्यंत गावानं ठरवून दिलेलं होतं, त्यांच्यातला माणूस जगातली हवी ती टोपी निवडून घालतो, हे पाहताना ती साहेबाची राहत नाही. आणि १९२८चा डिसेंबर आठवा. लाहोरच्या स्टेशनावर पोलिसांचा पहारा. त्यातून भगतसिंग ओव्हरकोट आणि फेल्ट हॅट घालून, दुर्गाभाभींना बायको म्हणून बरोबर घेऊन, साहेबाच्या ऐटीत गाडीत बसले. मागून नोकर म्हणून सामान घेऊन आपले खेडचे राजगुरू. पोलीस दाढी-पगडीच्या शिखाला शोधत होते, हॅटकडं त्यांनी पाहिलंच नाही. टोपी बदलली की माणूस बदलतो अशी त्यांचीही समजूत असणार.

तर दोन्ही टोप्या पिशवीत घालून मी देवगिरी एक्स्प्रेसनं हैदराबादला पोचलो. जुन्या शहरात टोप्या बनवणारं एक लहानसं दुकान सापडलं. म्हाताऱ्या मालकांनी माझा घेर मोजला, मग पांढरी टोपी ठोकळ्यावर चढवली. "ये आप के खानदान की है. बाईस इंच." मग रुमी टोपी हातात घेतली, आतली चामडी पट्टी बोटानं चाचपली आणि दुसरा, मोठा ठोकळा काढला. "ये किसकी है साब?"

"आजोबांचीच. दोन्ही त्यांच्या."

"नक्को बोलो. ये सवा तेईस है. सर मोटा-पतला नहीं होता, साब. ये दो आदमी हैं."

मी म्हटलं, जुनी टोपी सैल झाली असेल. त्यांनी मान हलवली. फेल्ट आटतं, पसरत नाही, निदान सव्वा इंच तरी नाही. मग त्यांनी मला राखी रंगाची, सशाच्या केसांची, सात नंबरची हॅट दाखवली. काठ सव्वादोन इंच. लहान चेहऱ्याला त्याहून रुंद काठ घेतला तर माणूस छत्रीखाली उभा दिसतो. चिमट्याला धरून उचलायची नाही, काठाला धरायची. ठेवताना उलटी ठेवायची. भर उन्हाळ्यात मात्र घालू नका, तेव्हा गवताची घाला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. विकणाऱ्यानं असं सांगितल्यावर घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मी घेतली.

पण गाडीत सबंध रात्र मला ते सव्वा इंच सलत होतं. आल्यावर पुढच्या रविवारी सेलूला आत्याकडं गेलो. आत्याचं वय पंच्याऐंशी. तिनं माझ्या हॅटकडं पाहिलं, "बरी हाय," म्हणाली. मी रुमी टोपी पुढं ठेवली. ती बराच वेळ गोंडा सारखा करत बसली.

"आबांची कुठं रे ही? ही मुन्शीचाचांची."

१३ सप्टेंबर १९४८ला भारताचं सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ला निजामानं शरणागती दिली. तोवर कासिम रझवीच्या रझाकारांनी गावंच्या गावं छळली होती, माणसं मारली होती. आत्यालाही शेतात लपून काढलेली रात्र आठवते. मग पारडं फिरलं आणि त्याचा सूड ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावरही निघाला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. शेजारचं नांदेड सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत होतं. तो अहवाल कित्येक वर्षं दप्तरात राहिला. शाळेत १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करून गोळ्या खाल्ल्या, पण हे कुणी सांगितलं नाही. हाली रुपयासुद्धा पुढं काही वर्षं चालत राहिला होता. रुमी टोपी आठवड्यात बाद झाली.

मुन्शीचाचा आजोबांच्या शेजारच्या टेबलाला होते. एका रात्री ते परसदारानं आले. नऊ दिवस आमच्या धान्याच्या खोलीत राहिले. आत्या तेव्हा आठ वर्षांची, ती त्यांना भाकरी नेऊन द्यायची आणि बाहेर कुणी विचारलं तर खोलीत मांजर व्यालीय म्हणायची. दहाव्या दिवशी आजोबांनी आपली काळी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, स्वतः पांढरी घातली आणि दोघं स्टेशनवर गेले. गाडी सुटली. लाल टोपी आमच्या घरात राहिली.

"मग पोचले का?"

"कार्ड आलं की दिवाळीला. उर्दूत. आबांनी मोठ्यानं वाचलं, हसले, अन् परसात जाऊन बसले."

"काय लिहिलं होतं?"

"लिव्हलं होतं, आपकी टोपी बहोत तंग है, पूर्णा तक सर दुखा." आत्यानं टोपी माझ्या हातात दिली. "आबांचं डोकं लहानच होतं रे. तुझ्यासारखं."